बुलढाण्यातील चिंतेची मोजदाद

वऱ्हाडात मनाच्या आजारांची सरकारी मोजदाद जनगणनेच्या तक्त्यातून झाली. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे पण कारभारात इंग्रजांचे असताना झालेल्या १८८१ च्या जनगणनेत आंधळे, मूकबधिर आणि महारोगी यांच्या जोडीला ‘वेडे’ मोजले गेले आणि शारीरिक-मानसिक व्यंगांची ही नोंद ब्रिटिश हिंदुस्थानात १९३१ पर्यंत चालू राहिली. प्रगणक घरच्यांनी सांगितलेले किंवा गावाला आधीच ठाऊक असलेले तेवढेच लिहून घेई. त्यामुळे रात्र रात्र डोळ्याला डोळा न लागणारा, छातीत धडधड होऊन जीव घाबरा होणारा, तरीही सकाळी वखर घेऊन शेतावर जाणारा माणूस त्या रकान्यात कधी आलाच नाही. वेड चारचौघांना दिसते, चिंता मात्र ज्याची त्यालाच ठाऊक असते, आणि म्हणून तिच्या मोजमापाला खुद्द त्या माणसालाच प्रश्न विचारण्याची पद्धत रूढ होईपर्यंत थांबावे लागले.

बुलढाणा जिल्ह्यात दिसणाऱ्या वेडाचे ठिकाणही ठरलेले होते. पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, आणि बाधा झाल्याच्या समजुतीने दूरदूरहून मनोरुग्णांना तेथे आणले जाते. येथेही निदान नातेवाइकांचेच असते. रुग्णाला काय होते हे त्याच्या तोंडून ऐकण्याची प्रथा ना दर्ग्यात होती, ना जनगणनेत. 

माणसाने स्वतःच्या मनःस्थितीबद्दल स्वतः उत्तरे द्यायची आणि त्या उत्तरांना गुण द्यायचे, अशा स्व-निवेदन प्रश्नावलीचा उगम पहिल्या महायुद्धात आहे. अमेरिकन सैन्यातील भरतीसाठी रॉबर्ट वुडवर्थ यांनी १९१७ च्या सुमारास अशी यादी रचली, पण ती वापरात येण्याआधीच युद्ध संपले. १९७० मध्ये चार्ल्स स्पीलबर्गर यांनी प्रसंगापुरती चिंता आणि स्वभावातच मुरलेली चिंता यांना वेगवेगळे माप दिले, आणि २००६ मध्ये ‘जीएडी-७’ ही चिंताविकारासाठीची सात प्रश्नांची प्रश्नावली आली, जी आज जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास ‘अजिबात नाही’, ‘काही दिवस’, ‘निम्म्याहून अधिक दिवस’ की ‘जवळजवळ रोज’ झाला, एवढेच ती विचारते.

अशा मापाच्या भरवशाला दोन बाजू असतात. एकाच माणसाला थोड्या दिवसांच्या अंतराने तेच प्रश्न विचारले असता गुण जवळपास तेच यावेत आणि प्रश्नांची उत्तरे परस्परांशी मेळ खाणारी असावीत, याला विश्वासार्हता म्हणतात. आणि ज्याला डॉक्टर मुलाखतीअंती आजारी ठरवतो त्यालाच प्रश्नावलीनेही टिपावे, याला वैधता म्हणतात. पहिली गोष्ट साधली म्हणजे दुसरी आपोआप साधत नाही. जीएडी-७ च्या मूळ अभ्यासात १० गुणांच्या सीमारेषेवर खऱ्या रुग्णांपैकी ८९ टक्के सापडले आणि निरोगी माणसांपैकी ८२ टक्के बरोबर वगळले गेले. आकडे भारदस्त वाटतात. परंतु हेच प्रमाण एखाद्या गावातील १००० माणसांना लावले आणि त्यांपैकी ५० जणांना खरोखर हा विकार आहे असे धरले, तर सुमारे ४५ रुग्ण सापडतील आणि त्यांच्यासोबत १७१ निरोगी माणसेही ‘रुग्ण’ ठरतील, म्हणजे बोट ठेवलेल्या पाचांपैकी एकच खरा. प्रश्नावलीच्या निकालाला निदान समजणे ही म्हणूनच मोठी चूक ठरते. तिचे काम चाळणीचे आहे.

अशा चाळण्या भारतीय दवाखान्यात तपासून पाहण्याचे महत्त्वाचे काम मराठी मुलखाला लागून असलेल्या गोव्यात झाले. तेथे ‘संगत’ संस्थेशी संबंधित विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच प्रश्नावल्यांची तुलना करून ती २००८ मध्ये प्रसिद्ध केली. पाचही बऱ्यापैकी उपयोगी ठरल्या, पण सीमारेषा बरीच वर नेल्याशिवाय खोट्या रुग्णांची भर कमी होत नाही, असेही दिसले. त्या पाचांपैकी ‘एसआरक्यू-२०’ ही जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली ज्या बहुदेशीय अभ्यासातून घडली, त्याचे एक केंद्र चंदीगडजवळच्या रायपूर राणी येथे होते. तिची उत्तरे केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असतात आणि डोकेदुखी, अपचन, हातांचा कंप हेही ती विचारते. जीएडी-७ मध्ये मात्र छातीतल्या धडधडीचा प्रश्नच नाही. जेथे चिंता आधी शरीराच्या तक्रारीतून बोलते आणि जेथे ‘निम्म्याहून अधिक दिवस’ हा हिशेब वृद्ध निरक्षर बाईला अवघड जातो, तेथे जुनी, साधी यादी अधिक प्रामाणिक ठरण्याचा संभव आहे.

बुलढाण्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, आणि तो शेतकरी आत्महत्यांच्या काळात विणला गेला. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम आणि वर्धा यांच्यासह बुलढाणा होता. त्याच वर्षी या जिल्ह्यांतील १७ लाखांहून अधिक शेतकरी कुटुंबांची सरकारी कर्मचाऱ्यांनी घरोघर पाहणी केली. कर्ज, नापिकी, घरातील आजारपण, मुलीचे लग्न अशी संकटे तीत नोंदली गेली; त्या संकटांनी माणसाच्या मनाचे काय केले, हा तिचा विषय नव्हता. आत्महत्या झालेल्या कुटुंबाला १ लाख रुपयांच्या मदतीसाठी ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरवणारी समितीही गावोगाव माहीत झाली. अशा मुलखात फॉर्म घेऊन दारात आलेल्या प्रत्येक माणसाकडे लोक मदत आणणारा किंवा नाकारणारा म्हणून पाहतात. कोणी त्रास वाढवून सांगतो, कोणी मुलीच्या सोयरिकीला अडचण नको म्हणून लपवतो. विश्वासार्हतेच्या गणितात न बसणारी ही चूक असून कितीही चांगल्या भाषांतराने ती निघत नाही.

शासनाने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी सुरू केलेल्या ‘प्रेरणा प्रकल्पा’त घरोघर विचारपूस करण्याचे काम आशा सेविकांकडे आले. हा निर्णय मोजमापाच्या दृष्टीने शहाणपणाचा होता, कारण आशा त्याच गावची असते आणि तलाठ्याप्रमाणे तिच्या हाती सातबारा नसतो. मात्र ओळखीच्या बाईपुढे घरातली गोष्ट न बोलणारेही असतातच. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम चालला, तेथे नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. तेथे आधी गावकार्यकर्ते लोकांशी बोलले आणि विचारणाऱ्याच्या मागे उपचारही उभा राहिला. ही मोजणी नैराश्याची होती. निव्वळ चिंताविकारासाठी एवढ्या निगुतीने केलेली मोजणी पश्चिम विदर्भाच्या वाट्याला क्वचितच आली आहे.

देशातील चिंताविकारांचे प्रमाण सांगताना २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे वारंवार दिले जातात. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता.