गलबत नांगरण्याची रीत आणि विजयदुर्गचे आरमार (१७५६)

निफाड तालुक्यातील विंचूर हे पानिपतावर लढलेल्या विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या जहागिरीचे गाव. समुद्राशी त्याचा संबंध नाही. तथापि घोड्याला आगाडी-पिछाडी लावून मेखांस जखडण्याची रीत ज्या घोडदळी परंपरेत रुळली, तिला गलबत नांगरण्याचे तंत्र परके वाटू नये. एकाच दोरावरचे जनावर मेखेभोवती फिरते, तसेच तारूही वाऱ्याच्या व प्रवाहाच्या ओढीने नांगराभोवती हेलकावते. म्हणून लहान शिडाच्या होडीत नाळेच्या दोन्ही अंगांकडून दोन दोर घेऊन ते पुढे नांगराच्या दोरास एकत्र बांधतात. ओढ विभागली जाते, हेलकावा कमी होतो. एक दोर आखूड केला तर होडी तिरपी उभी राहते. युरोपीय आरमारे याच तत्त्वाचा युद्धात उपयोग करीत. जहाजाच्या मागील भागातून घेतलेला दोर नांगराच्या दोरास जोडून ओढला, की जहाजाची तोफांची बाजू हवी तिकडे वळे.

फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसनचे आरमार विजयदुर्गावर आले, तेव्हा तुळाजी आंग्र्यांची गुराबे व गलबते किल्ल्याच्या आश्रयास एकमेकांना बांधून ठेवलेली होती. इंग्रजांकडून पूर्वी जिंकलेल्या ‘रेस्टोरेशन’ जहाजावर १२ तारखेस तोफगोळा पडून आग लागली. ती एकातून दुसऱ्यात जात बहुतेक सारे आरमार जळाले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला.

या प्रसंगाची चर्चा बहुधा नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले, या एकाच मुद्द्याभोवती फिरते. तो मुद्दा रास्तच आहे. मात्र आरमार इतक्या झपाट्याने का जळाले, याचे उत्तर त्यात मिळत नाही. स्वतःच्या नांगरावर सुटे उभे असलेले गलबत दोर तोडून निघू शकते. शेजाऱ्यास जखडलेले गलबत शेजाऱ्याबरोबरच जळते. त्यातही गलबते वल्ह्यांवर चालणारी होती, म्हणजे वाऱ्यावाचून ती वाघोटन खाडीत आत नेता आली असती, असे अनुमान करण्यास जागा आहे. किल्ल्याच्या तोफांवरील अतिविश्वास हे जखडून ठेवण्याचे कारण संभवते.

ऑक्टोबर १७५६ मध्ये बाणकोटच्या बदल्यात विजयदुर्ग पेशव्यांकडे आला. पुढे आनंदराव धुळपांच्या हाताखाली तेथे पुन्हा आरमार उभे राहिले.