तोडा, चकमक आणि टोपी

घराच्या राखणीला बंदूक कोणती बरी, हा प्रश्न आपल्या घटप्रभेकाठच्या मुलुखात जुनाच. तोड्याच्या बंदुकीला पेटती वात लागे. मध्यरात्री दरोडा पडला तर आधी विस्तव शोधायचा, आणि वातीचा निखारा अंधारात आपलीच जागा शत्रूला दाखवायचा! चकमकीने विस्तवाची गरज संपवली, पण पावसाळी हवेत ठिणगी दगा देई. टोपीच्या बंदुकीने एकोणिसाव्या शतकात तीही अडचण बरीचशी दूर केली. अंगणापुरत्या अंतरावर एका गोळीपेक्षा मूठभर छर्रे उपयोगी, कारण अंधारात नेम धरणे कठीण. लांबवर मात्र छर्रे निकामी.

१८५७ साली हत्यारे सरकारजमा करण्याचा हुकूम सुटला. शिकार आणि राखण यांवर जगणाऱ्या, मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेरडांनी तो धुडकावला. नोव्हेंबरअखेर इंग्रजी फौजेने गाव जाळले. पुढे १९ जणांना फाशी झाली. कन्नड लावणीने त्यांची आठवण राखली. १८७८ च्या कायद्याने परवाना सक्तीचा केला.

बंदूक कोणती बरी, हा प्रश्न मग मागे पडला. ती कोणी बाळगावी हे कोण ठरवणार, हाच खरा प्रश्न उरला.