पेटीतला गंधार, गळ्यातला गंधार

आपल्या भजनी मंडळांत कुणाचा सूर जरा वेगळा लागला की सगळ्यांच्या माना पेटीकडे वळतात. पेटी वाजेल तो सूर खरा आणि बाई गाईल तो खोटा, असं आपण धरूनच चालतो. हा न्यायाधीशाचा मान पेटीला मिळाला कधी?

तसं बघितलं तर पेटी ही परक्या घरची लेक. युरोपात, पॅरिसला, ती १८४० नंतर आकाराला आली. पायानं भाता मारायची ती मोठी पेटी आपल्याकडे आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताच्या भात्याची केली. मग ती बैठकीत मांडी घालून बसली ती कायमचीच. कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी, आमच्या बेळगावच्या विठ्ठलराव कोरगावकर आणि रामभाऊ विजापुरे यांनी तिला गायला लावलं. बायकांवर तर तिचे मोठे उपकार. ज्यांना कुणी गुरू मिळाला नाही, त्याही तिच्या आधारानं गायला लागल्या. हे मी विसरत नाही.

पण तिची एक मर्यादा आहे. स्वर म्हणजे हवेची थरथर. आपला सा सेकंदाला २४० वेळा थरथरतो असं धरा. बायकांच्या काळी पाचच्या जरासा वर. त्याच्याशी पूर्ण जुळणारा पंचम दीडपट, म्हणजे ३६०, आणि गंधार सव्वापट, म्हणजे ३००. पेटीत मात्र कुठल्याही पट्टीला सा धरता यावा म्हणून सप्तकाचे १२ सारखे भाग पाडलेत. त्यामुळे पेटीचा पंचम येतो ३५९.६, जवळजवळ अचूक. गंधार येतो ३०२.४.

दोन-अडीच कंपनांनी काय बिघडतं, असं वाटेल. पण कुठलाच स्वर एकटा येत नाही. त्याच्या पोटात त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे बारीक स्वर असतात. २४० च्या सा मधला पाचवा स्वर १२०० चा. ३०० च्या गंधारातला चौथा स्वरही १२०० चाच. दोन्ही एकमेकांत विरघळतात आणि कान निवतो. पेटीच्या गंधारातला चौथा स्वर मात्र १२०९ च्याही वर जातो. मग सेकंदाला साडेनऊ वेळा एक बारीक फडफड होते. तिला नाव देता येत नाही, पण कानाला कळतं, काहीतरी खुपतंय.

जुळलेला गंधार ऐकायचा तर तंबोऱ्याजवळ बसा. त्याच्या चार तारांत गंधाराची तार नसते, तरी चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो तारेच्या पोटातला पाचवा स्वर. मिरजेचे कारागीर घोडीला जवारी काढतात आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवतात, तो अशा स्वरांना वर आणण्यासाठीच. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं. तार जिथे छेडावी तिथला स्थिर बिंदू ज्या स्वराचा असेल तो स्वर उमटू नये, असा युरोपातला नियम. तंबोरा आणि वीणा तो पाळत नाहीत, असं रामन यांना आढळलं. आपल्या कारागिरांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. त्यांनी कानानं शोधलं होतं.

पेटीची खोड काढायचे प्रयत्नही झाले. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांची मदत घेऊन गाण्यातले स्वर मोजले आणि १९१० मध्ये २२ श्रुतींवर पुस्तक काढलं. क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश त्यांच्या बाजूला उभे राहिले. लंडनमध्ये श्रुतींची खास पेटी तयार झाली. १९१६ ला बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं संगीत परिषद भरली, तिथेही ती पेटी आली. पण जाणकारांचं एकमत काही झालं नाही. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीला दारच बंद केलं, ते तीसेक वर्षं. १९६३ च्या सुमारास नझीर जयराजभॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यानं नामवंत कलावंतांचे स्वर यंत्रानं मोजले, तर त्यांचे गंधारसुद्धा एकसारखे निघाले नाहीत! गाता सूर खिळ्यानं ठोकून बसवता येत नाही, हेच खरं.

हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण आहे. आमच्या मंडळात सत्तरीच्या एक अक्का होत्या. त्यांचा गंधार पेटीपेक्षा किंचित उतरता लागायचा. शिकवायला आलेल्या गुरुजींनी एकदा चारचौघींत सांगितलं, "अक्का, तुम्ही नुसते टाळ वाजवा." त्या दिवसापासून अक्का गायल्या नाहीत. त्यांचा सूर चुकत असेल किंवा नसेलही. पण त्याचा निवाडा पेटीवरून झाला, आणि पेटीचा गंधार तर मुळातच चढा.

म्हणून माझं एवढंच म्हणणं. पेटी राहू दे, चाल बसवायला तिच्यासारखी सोबतीण नाही. पण कुणाला बेसूर म्हणायच्या आधी पेटीचा भाता मिटा, तंबोरा लावा, नसेल तर मोबाइलवरचा लावा, आणि त्या बाईला शांतपणे सा धरून गंधारावर थांबायला सांगा. फडफड होते का, की सूर सुरात मिसळतो, ते सगळ्याजणी मिळून ऐका. कान प्रत्येकीला आहेत. एका बाईचा आवाज कायमचा बंद करण्याआधी ते वापरायला काय हरकत आहे?