कोलोंबो घराण्याची नळी

मिलान शहरात आन्जेलो लुइजी कोलोंबो यांनी १९१९ साली पोलादी नळ्यांचा व्यवसाय सुरू केला आणि पुढे ‘कोलंबस’ या नाममुद्रेने तो प्रसिद्धीस आला. सायकलीच्या सांगाड्यासाठी हलकी, तरीही न पिचणारी नळी लागते, आणि हेच गुण खुर्चीलाही हवे असतात. जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत मार्सेल ब्रॉयर यांनी १९२५ साली सायकलीच्या हँडलवरून सुचलेली वाकवलेल्या नळीची खुर्ची घडवली होती. तिशीच्या दशकात इटलीतील रॅशनलिस्ट, म्हणजे अलंकरण टाळून उपयोगातूनच रूप शोधणाऱ्या, वास्तुविशारदांनी तशाच फर्निचरची संकल्पचित्रे काढली आणि जुझेप्पे तेरान्यी, पिएरो बोत्तोनी यांच्या काही रचना कोलंबसने प्रत्यक्षात आणल्या.

सायकलीच्या नळीतले खरे कसब मात्र बाहेरून दिसत नाही. सांगाड्याचे सांधे पितळाने झाळताना नळीच्या टोकांना आच लागते आणि चालवताना ताणही तिथेच अधिक येतो. म्हणून नळी साच्यातून ओढताना आत घडीव गज ठेवून टोकांची जाडी राखतात व मधला भाग पातळ करतात. अशा नळीस ‘बटेड’ म्हणतात. कोलंबसच्या गाजलेल्या ‘एसएल’ संचातील मुख्य नळ्यांची जाडी टोकांना ०.९, तर मध्ये अवघी ०.६ मिलिमीटर असे. एडी मर्क्स यांनी १९७२ साली मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले, ते एर्नेस्तो कोल्नागो यांनी कोलंबसच्या नळ्यांतून बांधलेल्या सायकलीवर.

सत्तरीच्या दशकाअखेर संस्थापकाचे पुत्र अंतोनिओ यांनी, माजी शर्यतपटू चीनो चिनेल्ली यांनी उभारलेली ‘चिनेल्ली’ ही कंपनी विकत घेतली आणि तिचे बोधचिन्ह इतालो लुपी या संकल्पनकाराकडून नव्याने करून घेतले. ऐंशीच्या दशकातील ‘लेझर’ ही तिची सायकल घराण्याच्या दोन्ही वाटा एकत्र आणणारी ठरली: सांधे पोलादी पत्र्याने भरून, कानसून असे गुळगुळीत केलेले की एक नळी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते कळू नये. १९९१ साली तिला ‘कोंपासो दोरो’ हा इटलीतील औद्योगिक संकल्पनाचा सर्वांत प्रतिष्ठित पुरस्कार मिळाला. न्यूयॉर्कचे चित्रकार कीथ हेरिंग यांनीही एका लेझरवर आपली रेखाटने केली. प्रसिद्धी चित्रकारामुळे अधिक झाली हे खरे, पण संकल्पनाचा अवघड भाग सांधे कानसणाऱ्या कारागिरांच्या वाट्याला आला होता. अंतोनिओ यांनी पुढे मिलानमध्ये समकालीन कलेचे दालनही उघडले.