खडकीचा गळा, दौंडचा कान

१९२७ साली पुण्याजवळून थेट विलायतेशी बिनतारी तारायंत्र सुरू झाले. (बिनतारी आणि तार एकाच दमात! मराठी भाषा मोठी सोशिक.) गंमत अशी की, संदेश सोडणारे केंद्र खडकीला आणि विलायतेचे संदेश ऐकणारे केंद्र दौंडला, म्हणजे सुमारे पाऊणशे किलोमीटर दूर. साहेबाला काय खडकीत जागा मिळेना? तसे नव्हे. जो स्वतः बेंबीच्या देठापासून ओरडतो, त्याला सातासमुद्रापलीकडची कुजबुज ऐकू येत नाही, हे त्याने ओळखले होते. म्हणून गळा एका गावाला, कान दुसऱ्या गावाला. कित्येक संसारांत हे तत्त्व अजून पोचायचे आहे.

पुढे आकाशातली कुजबुज ऐकायला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना उभारायच्या ठरल्या, तेव्हाही शास्त्रज्ञ पुण्याचा गोंगाट टाळून जुन्नर तालुक्यात, खोडदला गेले.

आणि वायफाय? ऑस्ट्रेलियातले जॉन ओ'सुलिव्हन १९७०च्या दशकात फुटणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांचे रेडिओ-संदेश शोधत होते. ते काही सापडले नाहीत. पण विस्कटलेला संदेश गणिताने सावरण्याची विद्या हाती राहिली. घरात एकच संदेश भिंतींवर, कपाटांवर आपटून पाच वाटांनी मागेपुढे पोचतो. तो निस्तरायला तीच विद्या कामी आली आणि १९९६ साली त्यांच्या संस्थेला अमेरिकेत पेटंट मिळाले. आम्ही कॉमर्सवाले याला बुडीत खात्यातली वसुली म्हणतो.

आपल्याकडे २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला. फुकट म्हटल्यावर गर्दी आलीच! आमचे महाळुंगे तालुक्याने मुळशीत, २०२१पासून कारभाराने पुणे महापालिकेत आणि नोकरीने शेजारच्या हिंजवडीत. घरोघरी राउटर, त्यात ब्लूटूथ, शिवाय खिचडी गरम करताना मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गुणगुणतो. एकमेकांच्या पायात न येणारी चॅनेल्स मात्र तीनच : १, ६ आणि ११. काउंटर तीन, गिऱ्हाईक तीनशे!

या गर्दीत परवा आमच्या कन्येची नोकरीची मुलाखत झाली, लॅपटॉपवर. "तुमचा सर्वांत मोठा गुण कोणता?" या प्रश्नावर ती तोंड उघडून जी गोठली, ती चार मिनिटे तशीच. पलीकडचे भले, पुन्हा गुरुवारी घेऊ म्हणाले.

मग मी बँकेच्या शिस्तीने एकेक नोंद तपासली. लॅपटॉपला राउटरची वायर थेट जोडली, तर गाडी सुसाट! म्हणजे कंपनी निर्दोष, लॅपटॉपही निर्दोष. गफलत मधल्या हवेत. बसवणाऱ्याने राउटर लोखंडी कपाटामागे टेकवला होता. तो काढून पॅसेजमध्ये उंचावर ठेवला. शेजाऱ्यांची चॅनेल्स पाहून मोकळे निवडले. पाच गिगाहर्ट्झचा दुसरा रस्ता बराच मोकळा असतो, पण त्या लहरी भिंतीपुढे लवकर दमतात. म्हणून तो हॉलपुरता ठेवला.

तरी नोकरीचा प्रश्न. गुरुवारी सकाळपासून ओव्हनला सुट्टी दिली आणि राउटरपासून कन्येच्या टेबलापर्यंत पंधरा मीटर वायर अंथरली.

ती ओलांडताना आई म्हणाली, "अरे, मग याला बिनतारी कशाला म्हणतात?"