न बोलण्याची कमाई

आमच्या लहानपणी रेडिओ क्षणभर जरी गप्प झाला, तरी घरातले कोणी ना कोणी उठून त्याला थाप मारीत असे. रेडिओवरची शांतता म्हणजे बिघाड, अशी आमची पक्की समजूत. ह्या शांततेवर हशा पिकविणारा एक विनोदी नट अमेरिकेत होऊन गेला, हे मला फार उशिरा, त्याच्या जुन्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे ऐकताना कळले. त्याचे नाव जॅक बेनी.

मूळ नाव बेंजामिन कुबेल्स्की. जन्म १४ फेब्रुवारी १८९४, शिकागोचा. पण वाढला तो जवळच्या वॉकीगन गावी. वडील ज्यू दुकानदार. मुलाने व्हायोलिनवादक व्हावे, ही त्यांची हौस. मुलगा व्हायोलिन घेऊन रंगभूमीवर गेलाही. पण पहिल्या महायुद्धात नौदलात असताना खलाशांपुढे वाजवायला उभा राहिला आणि त्याची हुर्यो उडाली. मग वाजविणे सोडून तो बोलू लागला, तेव्हा तेच खलाशी हसले.

१९३२ साली तो रेडिओवर आला, आणि १९५५ पर्यंत तेथे टिकला. रविवारी संध्याकाळी घरोघरची मंडळी त्याच्यासाठी रेडिओभोवती बसत. त्याने स्वतःच्याच नावाचे एक सोंग उभे केले : पराकोटीचा चिक्कू, बेसूर व्हायोलिन वाजविणारा, आणि वयाची चाळिशी कधीही न गाठणारा. दर वाढदिवसाला आपला एकोणचाळीसच! त्याच्या जुनाट मॅक्सवेल मोटारीचे खोकणे मेल ब्लँक हा नकलाकार तोंडाने काढी.

पण गंमत अशी की, ह्या कार्यक्रमात चांगले टोले इतरांच्या वाट्याला येत. निवेदक डॉन विल्सन, पत्नी मेरी लिव्हिंगस्टन, गायक डेनिस डे, सगळे मिळून यजमानाची टर उडवीत. १९३७ पासून त्यांत एडी अँडरसन आला. हा कृष्णवर्णीय नट रॉचेस्टर नावाच्या नोकराचे काम करी. आरंभी त्याच्या तोंडी निग्रोंच्या जुगाराचे, दारूचे ठराविक विनोद असत, आणि ते आज कानाला बोचतात. महायुद्धानंतर बेनीने ते काढून टाकले. मात्र नोकराने मालकाला चार शब्द सुनवावेत आणि साऱ्या देशाने नोकराच्या बाजूने हसावे, हे त्या काळच्या अमेरिकेत घडत होते, ही गोष्ट लहान नव्हे.

आता त्या प्रसिद्ध शांततेकडे येतो. २८ मार्च १९४८ च्या कार्यक्रमात वाटेत चोर गाठतो, आणि पैसा देतोस की प्राण, असे दरडावतो. बेनी गप्प. श्रोत्यांत खसखस सुरू होते. चोर पुन्हा खेकसतो. तेव्हा बेनी वैतागून सांगतो, की थांब, मी विचार करतोय! नभोवाणीच्या इतिहासातला सर्वांत लांबलेला हशा तो हाच, अशी दंतकथा आहे. ध्वनिमुद्रण ऐकले तर तसे दिसत नाही. पण दंतकथा का रुजली ते कळते. त्या गप्प राहण्यामागे सोळा वर्षांचे रविवार होते. श्रोत्यांनी इतकी वर्षे त्याचा कंजूषपणा पुरवून घेतला होता, म्हणून त्या क्षणी त्याच्या मनात काय चालले आहे हे प्रत्येकाला आधीच ठाऊक होते. नवख्याने तसे केले असते, तर लोकांनी रेडिओवर थापच मारली असती.

१९५० साली तो दूरचित्रवाणीवर आला आणि १९६५ पर्यंत तेथे त्याचा कार्यक्रम चालला. गालावर हात टेकवून प्रेक्षकांकडे टक लावून पाहणे, ही त्याची लकब आता डोळ्यांना दिसू लागली. तरीही एका बाबतीत माझे मत रेडिओच्या बाजूने आहे. त्याच्या घराखालच्या तिजोरीच्या भुयारात उतरताना वाजणारी पावले, साखळ्या, करकरणारी दारे नुसती कानांनी ऐकली, की ते भुयार पाताळापर्यंत जाते. पडद्यावर त्याला तळ दिसतो.

प्रत्यक्षातला बेनी मात्र सढळ हाताचा. १९५६ पासून तो मोठमोठ्या वाद्यवृंदांबरोबर तेच बदनाम व्हायोलिन घेऊन उभा राहू लागला, आणि त्या कार्यक्रमांतून त्याने त्या संस्थांसाठी लक्षावधी डॉलर गोळा केले. वडिलांची हौस अशी फिटली, पण ती पाहायला ते हयात नव्हते.

२६ डिसेंबर १९७४ रोजी तो वारला. पत्नीला रोज एक तांबडा गुलाब पोचता व्हावा, अशी तजवीज त्याने करून ठेवली होती. मेरी १९८३ च्या जूनमध्ये गेली. हिशेब केला, तर तीन हजारांवर फुले होतात.