जन्मलेखाची भाषा : एकोणिसाव्या शतकातील इटालियन नोंदवह्या आणि त्यांचे भाषांतर

१८७६ ते १९१५ या चार दशकांत सुमारे एक कोटी चाळीस लाख माणसे इटली सोडून गेली. त्यांतील अनेक जण अमेरिकेची संयुक्त संस्थाने, अर्जेंटिना आणि ब्राझील येथे कायमचे स्थिरावले. त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीला पूर्वजांची भाषा बहुधा येत नाही. हाती असते ती एखाद्या गावाच्या नोंदवहीतील जन्मलेखाची प्रत. नागरिकत्वाचा वंशपरंपरागत हक्क १९९२ च्या कायद्याने बराच विस्तृत ठेवला होता; २०२५ च्या कायद्याने तो सामान्यतः आईवडील व आजी-आजोबा यांच्या पिढीपर्यंत आखडून घेतला. या हक्कापायी जन्मलेखांकडे केवळ पुरावा म्हणून पाहण्याची सवय जडली आणि नाव, तारीख व गाव उतरवले की भाषांतर पूर्ण झाले, असे मानले जाऊ लागले. ही समजूत तपासण्याजोगी आहे. या लेखांतील महत्त्वाचा भाग पुष्कळदा नावांत व तारखांत नसून त्यांना जोडणाऱ्या ठरीव शब्दांत असतो, आणि ते शब्द ज्या कायद्यातून आले तो बाजूला ठेवून वाचले तर अर्थाचा अनर्थ होतो.

बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या वह्या ठेवण्याचे बंधन ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये घातले. (त्याच नियमाच्या छायेत गोव्यातील चर्चच्या वह्याही लिहिल्या गेल्या, हे येथे सहज नोंदवावे.) शासकीय नोंदणी आली ती नेपोलियनच्या संहितेबरोबर. नेपल्सच्या राज्यात, म्युराच्या कारकिर्दीत, ती १८०९ मध्ये सुरू झाली. नेपोलियनची सत्ता गेल्यावर उत्तरेत बहुतेक ठिकाणी ही पद्धत मोडीत निघाली. दक्षिणेत मात्र परतलेल्या बूर्बों राजांनी ती टिकवली आणि १८२० पासून सिसिलीतही लागू केली. एकीकरणानंतरची १८६५ ची नागरी संहिता १ जानेवारी १८६६ पासून अमलात आली व नोंदणी राष्ट्रीय झाली. व्हेनेतो आणि रोम येथे ती १८७१ मध्ये पोहोचली. एकाच घराण्यातील बाप आणि मुलगा त्यामुळे दोन वेगळ्या राज्यांच्या कायद्यांखाली नोंदले गेलेले असू शकतात.

लेखाचा साचा ठरलेला. अमुक साली, अमुक दिवशी, अमुक वाजता नोंदणी अधिकाऱ्यासमोर अमुक वयाचा, अमुक धंद्याचा इसम हजर झाला. अमुक रस्त्यावरील घरात आपल्या पत्नीच्या पोटी मूल जन्मल्याचे त्याने जाहीर केले. मूल दाखवले, नाव सांगितले. दोन साक्षीदार होते. लेख वाचून दाखवला. हजर व्यक्तींना लिहिता येत नसल्याने सही एकट्या अधिकाऱ्याची. एकीकरणाच्या वेळी इटालियन जाणणाऱ्यांचे प्रमाण तुल्लिओ दे माउरो या भाषावैज्ञानिकाच्या अंदाजानुसार अवघे अडीच टक्के होते. इतर काही अभ्यासक हा आकडा दहा टक्क्यांच्या आसपास नेतात, तरी चित्र फारसे बदलत नाही. सिसिलीतील मजूर सिसिलियनमध्ये बोलला, अधिकाऱ्याने ते इटालियनमध्ये उतरवले; घरातला 'पिप्पिनु' कागदावर 'जुसेप्पे' झाला. भाषांतरकार जी मूळ संहिता म्हणून हाती घेतो तीच मुळात एक भाषांतर आहे, आणि ते पडताळून पाहणे तिच्या मूळ वक्त्याला शक्य नव्हते.

या साच्यातील सर्वांत लहान शब्दाचे उदाहरण घ्यावे. हजर झालेल्या बापाच्या नावापुढे त्याच्या वडिलांचे नाव येते. त्याआधी 'दि' असेल तर ते वडील हयात आहेत, 'फू' असेल तर नाहीत. 'फू' हे 'असणे' या क्रियापदाचे भूतकाळी रूप : 'होता'. थोरल्या अपत्याच्या लेखात 'दि' आणि धाकट्याच्या लेखात 'फू' आढळला, तर आजोबांचा मृत्युलेख त्या दोन सालांच्या दरम्यान शोधावा. अननुभवी वाचक हा शब्द गाळतो, किंवा त्याला नावाचाच भाग समजतो. मराठीत उतरवताना अडचण निराळी. 'कै.' सहज सुचते. पण काम्पान्यातील कॅथलिक शेतमजुराला कैलासाला धाडावे कसे? 'स्वर्गीय' किंवा 'दिवंगत' म्हटल्याने जो आदर येतो तो मुळात नाही. नेमका शब्द साहित्याच्या भाषेत न सापडता दफ्तराच्या भाषेत सापडतो : 'मयत'. वारसनोंदीत आणि फेरफारात तो इतक्याच निर्विकारपणे येतो. 'मजकूर', 'सदरहू', 'इसम', 'हजर' हे शब्दही त्याच भांडारातले. भाषाशुद्धीच्या आग्रहाने ज्या शब्दसंपत्तीला परकी ठरवले, ती या इटालियन दफ्तराला संस्कृतप्रचुर परिभाषेपेक्षा जवळची ठरते.

व्यवसायवाचक शब्दांत इतके सुरळीत जमत नाही. 'मेद्झाद्रो'ला 'अर्धेलीने कसणारा' आणि 'ब्राच्चान्ते'ला 'मोलमजूर' चालते. 'कोन्तादिनो'ला मात्र 'कुणबी' म्हणावे तर जात शिरते आणि 'शेतकरी' म्हणावे तर मालकी, जी पुष्कळदा नसते. सात या आकड्यापुढे 'ब्रे' लिहिलेला महिना सप्टेंबर असतो, जुलै नव्हे. जुन्या लेखांतील 'रात्रीचे तीन' म्हणजे कधी कधी सूर्यास्तानंतरचे तीन तास असतात.

खरी कसोटी लागते ती १८६६ नंतरच्या लेखांत. नव्या संहितेने केवळ नागरी विवाहालाच कायद्याची मान्यता दिली. राज्य आणि चर्च यांचे वैर तेव्हा टोकाला गेले होते. १८७० मध्ये रोमही पोपच्या हातून गेले. अनेक जोडपी धर्मगुरूसमोर लग्न लावून तेथेच थांबली, आणि १९२९ च्या लॅटरन करारापर्यंत अशा लग्नाला कायद्याच्या लेखी अस्तित्व नव्हते. अशा घरात मूल जन्मले की बाप नोंदणीस हजर होतो आणि सांगतो की हे मूल एका अविवाहित स्त्रीपासून झाले असून, मुलाला मान्यता देण्याच्या आड येईल असे तिच्याशी आपले नाते नाही. आईचे नावच नाही. असे मूल 'नातुराले'. कोशातला प्रतिशब्द 'अनौरस'. तो चुकीचा नाही. पण तो वाचणाऱ्या पणतीला पणजीचे जे पातक दिसते ते गावात कोणाला दिसलेच नव्हते. गावाच्या लेखी ती रीतसर लग्नाची बायको होती आणि चर्चच्या वहीत तिचे नाव लग्नाच्या तारखेसह आहे. 'अनौरस' या शब्दाने येथे नोंदला जातो तो दोन सत्तांमधला तंटा. अर्थात अशा प्रत्येक लेखामागे चर्चमधील लग्न असतेच असे नाही. ते पडताळावे लागते. भाषांतरकाराने शब्द बदलू नये, कारण कागदाची कायदेशीर बाजू तीच आहे; पण टीप न देता पुढे जाणे हाही अन्यायच. शिवाय समास वाचला पाहिजे. पुढे आईबापांनी नागरी विवाह केला तर मुलाला औरसत्व मिळाल्याची नोंद समासात, वेगळ्या हस्ताक्षरात, केलेली आढळते. घाईच्या भाषांतरात नेमका समास सुटतो. औरस-अनौरस हा भेद इटलीच्या कायद्याने २०१२ मध्ये पुसून टाकला. जुन्या वह्यांतला तसाच आहे.

टाकून दिलेल्या मुलांच्या लेखांत भाषा पुन्हा पालटते. नेपल्सच्या आनुन्झियाता संस्थेच्या भिंतीतील फिरते चाक, ज्यात मूल ठेवून जात, ते १८७५ मध्ये बंद झाले. नेपल्सचे 'एस्पोझितो', फ्लॉरेन्सचे 'इन्नोचेन्ती', मिलानचे 'कोलोम्बो' ही आडनावे अशाच संस्थांतून आलेली. आडनावाचे भाषांतर करायचे नसते, त्यामुळे त्यातली माहिती वाचकापर्यंत पोहोचत नाही. मात्र सापडलेल्या मुलाबरोबरचे कपडे व वस्तू अधिकाऱ्यापुढे ठेवून त्यांची नोंद करणे नेपोलियनच्या संहितेने बंधनकारक केले होते. म्हणून या लेखांत ठरीव साचा मध्येच थांबतो आणि अधिकारी पाहिलेले लिहू लागतो : जुन्या कापडाचा तुकडा, टोपी, गळ्यातल्या दोऱ्याला पदक, कधी अर्धेच कापलेले. उरलेला अर्धा घेऊन कोणी एक दिवस मूल परत मागायला येईल, या अपेक्षेने ते मुलाच्या गळ्यात बांधलेले असे.